नीलूकडे नसलेला कागद

सांगलीहून मुंबईला जाऊन आलेल्या बाईने प्रवासवर्णन लिहू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. लंडनला जावं, केदारनाथला जावं, अगदीच काही नाही तर अंदमानला. मग चार माणसांना चहाला बोलावून फोटो दाखवावेत. मुंबईला काय, सांगलीची माणसं दाताच्या डॉक्टरकडेही जातात. पण मी गेले ती मुंबई पाहायला नाही, माझी बालमैत्रीण नीलू हिचं वैभव पाहायला. जळायला गेले म्हटलं तरी चालेल. माणसं हवापालटाला जातात तशी मी जळायला गेले, आणि तिथलं पाणी मला उत्तम मानवलं.

नीलू म्हणजे नीलिमा. आम्ही सांगलीत एका बाकावर बसून शिकलो. मग ती लग्न होऊन गिरगावात गेली आणि मी सांगलीतच राहून शाळेत इतिहास शिकवू लागले. तिचे सासरे, ज्यांना घरात सगळे अप्पा म्हणत, वारले. आणि त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या गिरगावातल्या शास्त्रीय गाण्याच्या मैफलींच्या छापील पत्रिका सापडल्या. गठ्ठेच्या गठ्ठे. कुठल्याशा संस्थेने त्या स्कॅन केल्या, अभ्यासक यायला लागले, पेपरात फोटो आला. फोटोत नीलूने चष्मा कपाळावर चढवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘संग्राहक व संगीतप्रेमी’.

संगीतप्रेमी! सांगलीच्या गणेशोत्सवात गाणं लागलं की विलंबित सुरू होताच हिचं डोकं माझ्या खांद्यावर पडायचं, ते भैरवीला उठायचं. उठून विचारायची, संपलं का. मी मात्र पहिल्या आलापात राग ओळखणारी. पण देव दात देतो तिथे चणे देत नाही, आणि नीलूला तर त्याने ट्रंकभर चणे दिले.

असं असताना एके दिवशी तिचा फोन आला. दादरला पत्रिकांचं प्रदर्शन ठरलं होतं, आणि तुझ्या आजोबांची ती फ्रेम घेऊन ये, असं तिचं म्हणणं. “माझ्याकडे नेमकी तेवढीच मैफल नाही गं, मंगे,” ती म्हणाली. ‘माझ्याकडे नाही.’ तिच्या तोंडून हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते म्हणून सांगू. मी तिला ते दोनदा म्हणायला लावलं. रेंज जात होती असं सांगितलं.

ती फ्रेम म्हणजे आमच्या घरातला एकमेव दागिना. युद्धाच्या काळात आजोबा परळच्या एका मिलमध्ये कारकून होते, आणि गिरगावातल्या एका मैफलीत एका मोठ्या बुवांचा मुलतानी त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकला, ही आमच्या घराण्याची महाभारतानंतरची गोष्ट. बुवांचं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की तुम्ही त्यांच्याचबद्दल बोलत बसाल आणि माझं राहून जाईल. त्या मैफलीची पत्रिका आजोबांनी खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवली, भोवती शिसवी चौकट केली, आणि ती आमच्या हॉलमध्ये देवाच्या वरच्या अंगाला लटकली.

मी फ्रेम जुन्या लुगड्यात गुंडाळली, पिशवीत वरून भडंगाचे दोन पुडे ठेवले आणि निघाले. फ्रेम द्यायची की नुसती दाखवून परत आणायची, हे मी ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे ठरवलं होतं. नुसती दाखवायची.

गिरगाव

बसचा प्रवास वगळते. पडदा ओढून झोपलेल्या बाईला प्रवासात काय दिसणार. पहाटे दादरला उतरून टॅक्सी केली. मांडीवरचं गाठोडं बघून टॅक्सीवाल्याने आत देव आहे का विचारलं. आजोबा आहेत म्हटल्यावर त्याने पुढची सगळी वळणं फार हळू घेतली आणि उतरताना हात जोडले.

गिरगावातली वाडी म्हणजे नारळीपोफळीची नव्हे. समोरासमोर चाळी, मधे एक बोळ, आणि बोळातून वर बघितलं की दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या कपड्यांमधून दिसेल तेवढं आकाश. नीलू दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी होती. केस अजून काळे. मेंदी का, असं मी जिना चढताचढताच विचारलं. मेंदीसुद्धा लावत नाही म्हणाली. पहिली ठिणगी पडली ती इथे, चपला काढण्याआधी.

नंतर मग ठिणग्या मोजल्या नाहीत. चौपाटीकडून येणारा वारा तिच्या गॅलरीत येतो, फुकट येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात पियूष मिळतं, दाट, वेलदोडा घातलेलं. आम्ही श्रीखंड पातळ झालं तर पाहुण्यांची क्षमा मागतो आणि यांनी त्याला नाव ठेवून पेल्यात घालून विकायला काढलं. मिसळ खाल्ली. तीत तिखटाचा पत्ता नव्हता, तेवढाच एक दिलासा. मी ते मोठ्याने बोलून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सांगली का, असं विचारलं. कपाळावर लिहिलेलं असतं वाटतं.

दुपारी जेवणं झाल्यावर नीलूने ट्रंक काढली. आधी साबणाने हात धुतले, पुसले, आणि मग पांढरे सुती हातमोजे घातले. आमच्या वर्गातल्या या मुलीच्या वहीवर लोणच्याच्या तेलाचे डाग असायचे. मला तिने हातमोजे दिले नाहीत. मी नुसतं बघायचं होतं.

तर मी बघितलं. हलका, पिवळट, हाताला खरखरीत वाटेल असा कागद, शाळेच्या प्रगतिपुस्तकाएवढा. वर मंडळाचं नाव, खाली गवयाचं नाव, साथीला कोण, मैफल कितवी. प्रत्येकीची वेळ दुपारची. ब्लॅकआउट होता, अंधार पडायच्या आत माणसं घरी पोचायला हवीत, म्हणून त्या वर्षांत या मंडळाचं गाणं जेवणं उरकल्यावर बसायचं आणि दिवेलागणीआधी उठायचं. म्हणजे बघा, युद्ध चाललं होतं युरोपात आणि गिरगावातून मालकंस हद्दपार झाला होता. रात्रीचे राग बंद. जो येईल तो भीमपलास गाणार नाही तर मुलतानी. नीलूला हे तोवर सुचलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिने लगेच पेन शोधलं. मी सांगायला नको होतं.

मग तिने एक पत्रिका दोन बोटांनी उलटी केली. मागच्या बाजूला दुसरीच मैफल छापलेली होती.

त्याचं कारण तिने सांगितलं ते असं. युद्धात कागद मिळत नव्हता. मंडळाने युक्ती काढली: मैफलीला येताना दारात पत्रिका घ्यायची, जाताना दारात परत द्यायची. जमलेल्या पत्रिका पुन्हा छापखान्यात जायच्या आणि कोऱ्या पाठीवर पुढची मैफल छापून यायच्या. दोन्ही बाजू वापरून झाल्या की मग घरी न्यायला हरकत नाही. आणि दारात पत्रिका गोळा करायला उभे असत ते विशीतले अप्पा.

“हे बघ, इथे आहे,” नीलूने हातमोज्यातलं बोट कागदाच्या अगदी तळाशी ठेवलं. बारीक अक्षरात ओळ होती: कागदटंचाईमुळे पत्रिका दारात परत करावी ही नम्र विनंती.

मी ती ओळ दोनदा वाचली. आमच्या फ्रेममध्ये ही ओळ नाही. म्हणजे, दिसत नाही. आजोबांनी खालची शिसवी पट्टी इतकी रुंद बसवली आहे की लहानपणी मी विचारायची, आजोबा, खालची पट्टी जाड का. ते म्हणायचे, शोभा येते.

नीलूला मात्र वेगळाच आनंद झाला होता. तुझ्या कागदाची जी पाठ आहे तीवर हंगामातली शेवटची मैफल असणार, असं तिचं गणित. त्या मैफलीचा अख्खा गठ्ठा वाळवीने खाल्ला, त्यामुळे पुढच्या बाजूची मैफल गेली आणि पाठीवरची, हंगामातली शेवटचीही. शेवटच्या दिवशी कोण गायलं हे आता कुणालाच ठाऊक नाही. तुझा कागद मिळाला की माझा संच पूर्ण, ती म्हणाली, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवला. हातमोज्यासकट.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. पाठ छापलेली निघाली तर आजोबा सभ्य गृहस्थ. दोन्ही मैफली झाल्यावर रीतसर घरी आणलेला कागद. पण मग नीलूचा संच पूर्ण. पाठ कोरी निघाली तर नीलूचा संच अर्धवट तो अर्धवटच. पण मग आजोबा चोर.

मी रात्रभर विचार केला असं लिहायला हवं. विचार करावा लागलाच नाही. आजोबा चोर निघाले तर बरं, असं माझं जेवायच्या आधीच ठरलं होतं.

भोईवाडा, शिवडी, लालबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलूकडे मुलाखत घ्यायला कुणी मुलगी येणार होती. तिच्या मुलाखतीला मी चहा नेऊन द्यावा अशी वेळ येण्याआधी मी बाहेर पडले आणि परळची बस धरली. आजोबा जिथे राहायचे तो भोईवाडा बघायचा होता.

आजोबांची चाळ कोणती हे नक्की सांगणारं आता कुणी नाही. देवळाच्या मागे, कोर्टाच्या अलीकडे, इतकंच मला ठाऊक. तशा तीन निघाल्या. मी त्यातली सगळ्यात ऐटबाज निवडली आणि वर गेले. गॅलरीत एक मालवणी आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

“बघूक लय येतत,” त्या म्हणाल्या. “ऱ्हवाक कोण येणा नाय. बघा, बघा. टॉवर झालो की मगे लिफ्टात बसवन दाखवतंय.”

पण खोली दाखवली त्यांनी. एक खोली, त्यात एके काळी पाळीपाळीने झोपणारी गावाकडची माणसं. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर. प्रत्येकाला भिंतीलगत एक ट्रंक ठेवायची जागा आणि भिंतीत एक खुंटी. खुंट्या अजून आहेत, रांगेने, आता त्यांवर पिशव्या आणि छत्र्या. एका खुंटीला हात लावून आजी म्हणाल्या, ही आमच्या मामंजींची, “तेंची सगळी इस्टेट हयच टांगलेली आसायची.”

मी त्या खुंटीकडे बघत राहिले. आजोबांचीही अशीच एक असणार. सदरा टांगायचा, टोपी टांगायची, आणि एका रविवारी संध्याकाळी गिरगावातून परत आल्यावर आणखी एक काहीतरी. इथून गिरगाव म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुसरं गाव. तिथली माणसं घरून चालत मैफलीला यायची आणि घरी जाऊन गाण्यावर बोलायला त्यांना अख्खं कुटुंब होतं. आजोबांनी परत येऊन बोलायचं कुणाशी? शेजारच्या वळकटीवरचा रातपाळीला गेलेला. माझा त्या गिरगावकरांवर आणखी जळफळाट झाला, आता ऐंशी वर्षांपूर्वीच्याही.

आजींनी निघताना मूठभर सोलं दिली, कोकमाची. मी भडंगाचा एक पुडा दिला. त्यांनी तो हुंगला आणि म्हणाल्या, चिवडो म्हणान खाईन.

तिथून शिवडी जवळ, म्हणून गेले. गोदीकडच्या गोदामांमागे, ट्रकांच्या रांगा ओलांडल्या की एकदम चिखलाचं मैदान लागतं, आणि त्या चिखलात गुलाबी रोहित पक्षी उभे. हजारो. तेलाचा वास, मागे कारखान्यांची धुराडी, आणि पुढे हा शालू पसरलेला. आमच्या कृष्णेलाही प्राणिसंपदा आहे. तिच्यात मगरी आहेत. पण मगर बघायला कुणी कॅमेरा घेऊन येत नाही, आणि आला तर परत जाईल याची खात्री देता येत नाही. काठावर एक गृहस्थ बायकोला सांगत होते की हे पक्षी दर वर्षी आपणहून येतात. आपणहून! मुंबईकडे सगळं आपणहून येतं.

लालबागला चिवड्याच्या गल्लीत शिरले ती हेरगिरीच्या हेतूने. भडंगासमोर चिवडा तो काय, हे एकदाचं सिद्ध करून टाकायचं होतं. दुकानदाराने हातावर चवीला पोह्याचा चिवडा ठेवला. गिरणीतून मसाल्याची धूळ येत होती, डोळे चुरचुरत होते, त्यामुळे त्या वेळी माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी चिवड्यामुळे होतं असं कुणी म्हणू नये. किलोभर घेतला. पिशवीत भडंगाखाली लपवला.

पुन्हा गिरगाव

संकष्टी होती. नीलूने संध्याकाळच्या मोदकांसाठी मोदकपात्र काढून ठेवलं होतं, आणि त्याच मोदकपात्रावर माझ्या आजोबांचा निकाल लावायचा तिचा बेत होता.

मी म्हटलं, अगं, याला तज्ज्ञ असतात, प्रयोगशाळा असतात. ती म्हणाली, खळ म्हणजे कणीकच ना, वाफेने सुटते. वाफ मला कळते. तिला वाफ कळते हे मला मान्य करावं लागलं. गेली तीस वर्षं तिचे मोदक फुटल्याचं ऐकिवात नाही. माझे दर वर्षी गणपतीसमोर उघड्या तोंडाने बसतात.

फ्रेम ओट्यावर पालथी घातली. पकडीने खिळे काढले, काच काढली, चौकट सुटली. आणि रुंद पट्टीखालून ती ओळ वर आली: दारात परत करावी ही नम्र विनंती. नीलूने ती वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. तेवढ्यासाठी मी तिला त्या दिवशीचं बरंच माफ केलं.

मोदकपात्रात पाणी उकळलं. एरवी झाकणाचं पाणी मोदकांवर पडू नये म्हणून ती झाकणाला फडकं बांधते, ते आज तिने पातेल्याच्या तोंडाला बांधलं आणि पुठ्ठ्याची बाजू खाली करून आजोबांना वर ठेवलं. वाफ पुठ्ठ्यातून चढणार, खळ नरम होणार, छापील बाजूला ओल लागणार नाही. अधूनमधून ती बोटाच्या पाठीने पुठ्ठा चाचपायची, मोदक झाला का बघतात तशी. हातमोजे काढून ठेवले होते. मी देवघराकडे पाठ करून उभी राहिले. मनात जे मागत होते ते गणपतीसमोर मागण्यासारखं नव्हतं.

एक कोपरा सुटला. मग तिने लोणी लावायची बोथट सुरी आत सरकवली आणि कागद पुठ्ठ्यावरून साय काढावी तसा अलगद वर घेतला. खळीचे पोपडे ओट्यावर पडले. तिने तो खिडकीपाशी नेला, उलटा केला.

कोरा.

मला आनंद झाला. लपवून काय उपयोग, मला मनापासून आनंद झाला. नीलूचा संच पूर्ण होणार नव्हता. तो आनंद पुरता गॅस बंद करेपर्यंतही टिकला नाही. तिचा चेहरा पडेल या आशेने मी तिच्याकडे बघत होते, आणि ती हसत होती.

“अप्पांनी आत बसून एकही मैफल ऐकली नाही, माहितेय?” ती म्हणाली. “मधेच कुणी उठून गेलं तर कागद जायचा. म्हणून ते कायम दारात, चपलांच्या ढिगाशेजारी. सगळे मोठे गवई त्यांनी चपलांशेजारी उभं राहून ऐकले.”

मग तिने अप्पांची एक आठवण सांगितली. ती ते म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगायचे. मुलतानी फार रंगला होता त्या दिवशी एक माणूस डोळे पुसत दारात आला. अप्पांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला. त्या माणसाने तो हात आपल्या हातात घेतला, घट्ट दाबला, दोनदा हलवला, वा म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. अप्पा तिथेच. पत्रिका परत घ्यायची राहिली हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं. कुणी येऊन त्यांचा हात हातात घेतला ही त्यांची त्या सगळ्या हंगामातली एकच मिळकत, असं ते म्हणायचे. गाण्याने भरून आलेला माणूस होता, बिचारा.

“बिचारा,” मी म्हणाले.

माझे आजोबा मला माहीत आहेत. त्यांना गाण्याने खरंच भरून यायचं, डोळ्यांना खरंच पाणी यायचं. आणि डोळे भरून आलेले असतानाही त्यांचं लक्ष आपल्या खिशाकडे असायचं. आजीसुद्धा सांगायची.

मी तरीही घराण्याची बाजू लढवली. तो माणूस आजोबाच होते कशावरून, मुलतानीने अशी दहा माणसं रडली असतील.

“कशावरून? तुझ्याकडे बघून, मंगे,” नीलू म्हणाली. आणि मग, सुरी धुताधुता, माझ्याकडे न बघता: “बसून ऐकलं गं त्यांनी. पहिल्या रांगेत. मला इतकी असूया वाटते ना तुझी कधीकधी. तुझ्या घरात गाणं ऐकलेला माणूस होता. आमच्याकडे फक्त कागद.”

हे तिने सांगायला नको होतं. मत्सर ही माझी एकटीची इस्टेट आहे, अशा समजुतीत मी इतकी वर्षं काढली होती. त्यातही ही वाटेकरी.

चंद्रोदयानंतर मोदक खाल्ले. पाऱ्या इतक्या सुबक की जीभ लावायला संकोच वाटावा. मी सात खाल्ले, निषेध म्हणून.

दादर

प्रदर्शन दादरला एका जुन्या सभागृहाच्या पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीवर काही लावलेलं नव्हतं. छताखाली दोऱ्या ताणल्या होत्या आणि प्रत्येक पत्रिका कपड्याच्या चिमट्याने लोंबत होती. पंखा हळू फिरायचा, आणि सगळे कागद वाऱ्याने गिरकी घेऊन आधी एक मैफल दाखवायचे, मग दुसरी. इतकं सुंदर दिसत होतं की मला बसावं लागलं. मधे एक चिमटा रिकामा होता.

कल्पना सगळी नीलूची. दारातही तिने अप्पांचीच रीत ठेवली होती: आत येणाऱ्याला एका पत्रिकेची झेरॉक्स द्यायची आणि जाताना परत घ्यायची, पुढच्याला देण्यासाठी. झेरॉक्ससुद्धा कोऱ्या कागदावर नाही. तिच्या सूनबाईंच्या ऑफिसातून आणलेल्या एका बाजूने वापरलेल्या कागदांच्या पाठीवर. आणि दारात नीलू स्वतः उभी.

रिकाम्या चिमट्याबद्दल तिने मला सकाळपासून एक शब्द विचारला नव्हता. कागद माझा, ठरवणार मी. मी पिशवीत हात घालून खुर्चीवर बसून राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होते. माणसं त्या रिकाम्या चिमट्यापाशी यायची, थांबायची, पुढे जायची. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नीलूच्या सगळ्या कागदांना दोन तोंडं. छापलेली, सारखी, आज्ञाधारक; दारात परत आलेली. त्या सगळ्यांच्या मधे एकच कोऱ्या पाठीचा कागद लटकला तर माणसं दुसरं काही बघणारच नाहीत. घरी देवाच्या वर लटकून त्याला काय मिळणार होतं? इथे तो नीलूचा अख्खा संग्रह खाऊन टाकील.

मी उठले आणि आजोबांना चिमट्यात लावलं.

झालंही तसंच. पंखा फिरला, कोरी पाठ समोर आली, आणि आधी एक म्हातारे गृहस्थ थांबले, मग दोन मुली, मग घोळका. हे कोरं का, असं कुणीतरी विचारलं. नीलू दारातून आली आणि सांगू लागली. कसं सांगितलं म्हणाल तर, एक माणूस पत्रिका परत न देता गेला होता, असं. एका वाक्यात. कणीक तिंबल्यासारखं. मला राहवेना. मी तिला बाजूला केलं, एका गृहस्थांना दाराशी अप्पा म्हणून उभं केलं, हात पुढे करा म्हटलं, आणि मुलतानीचा आलाप पुटपुटत, पदराने डोळे टिपत, दोरीखालून चालत आले. त्यांचा हात हातात घेतला, दाबला, दोनदा हलवला. वा म्हणाले. निघून गेले. टाळ्या पडल्या. पुन्हा करून दाखवा, अशी एका बाईंनी गळ घातली; त्यांच्या यजमानांना यायला उशीर झाला होता.

त्या टाळ्या चालू असताना मी नीलूकडे पाहिलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती. मी तो मुद्राभाव ओळखते, आरशात रोज बघते. तीन दिवसांच्या प्रवासाचं सार्थक झालं.

संध्याकाळी निघाले. बस पकडायची होती, निरोपाचं रडणं वगैरे आम्हाला जमत नाही. नीलू दारात तिच्या जागेवर होती, जिन्याशी चपलांचा ढीग. माझ्या हातात सकाळी मिळालेली झेरॉक्स होती. तिने रीतीप्रमाणे हात पुढे केला.

मी तो हात माझ्या हातात घेतला. घट्ट दाबला. दोनदा हलवला.

“वा,” मी म्हणाले आणि जिना उतरले.

खालच्या वळणावर पोचले तेव्हा वरून आवाज आला, मंगे, कागद. मी मागे पाहिलं नाही.

शिसवी चौकट परत हॉलमध्ये, देवाच्या वर लटकली आहे. आत नवा कागद आहे. या वेळी खळ लावलेली नाही. दोन्हीकडून काच बसवून घेतली आणि फ्रेम दोरीने टांगली, म्हणजे पंखा लावला की ती फिरते. एका बाजूला गिरगावातली मैफल आणि दुसऱ्या बाजूला नीलूच्या सुनेच्या ऑफिसातल्या माणसांच्या रजांचा तक्ता. पाहुणे विचारतात, हे काय. मी आधी त्यांना लालबागचा चिवडा देते, भडंग म्हणून, आणि मग सगळं सांगते. आजोबांचा कागद आता नीलूकडे आहे, तिचा संच आता पाहणाऱ्यांच्या तोंडी आहे, तिला परवा पुण्यालाही बोलावलं होतं म्हणे. असू दे. तिच्याकडे साऱ्या दुनियेचे कागद असतील.

हा मात्र तिच्याकडे नाही.